बारा सेकंदांचं पान

मावशीने ताटावर बसता बसता सांगितलं, "आज दुसरा लेटमार्क पडला. तिसरा पडला की घरी बसा, असं सुपरवायझरीणबाईंनी हसतमुखाने सांगितलंय."

भाचीचा घास हातातच राहिला. बावन्नाव्या वर्षी मावशीने आयुष्यातली पहिली नोकरी धरली होती, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. तीन महिने कच्ची, मग पक्की. पगारातून तिने पहिली खरेदी केली ती स्वतःच्या डब्याची, आणि तो डबा ती रात्रीच पुसून कट्ट्यावर ठेवायची.

"बस उशिरा आली का?"

"छे! वस्तीतली पहिली बस, घड्याळाला लाजवेल. आठ एक्केचाळीसला स्टेशनात. जिना उतरेपर्यंत त्रेचाळीस. गाडी चव्वेचाळीसला. पण ती कधी एकवर येते, कधी तीनवर. माझे गुडघे काय दोन्हीकडे धावणार?"

"अगं, जिन्याखाली सहा स्क्रीन आहेत. बघायच्या ना!"

"बघितल्या की. सहाही स्क्रीनवर एकच बाई केस धूत होती. तिचं धुऊन झालं, मग एकाने बिस्किट खाल्लं, मग कोणीतरी गादीवर उड्या मारल्या. फलाटाचा नंबर आला तेव्हा गाडी निघाली होती. लोकांच्या काचा मी घासते आणि मलाच फलाट दिसत नाही, काय म्हणावं!"

मावशी खळखळून हसली. भाचीला हसू आलं नाही. ती रेल्वेच्याच कार्यालयात कामाला होती आणि त्या स्क्रीनवर कधी काय दिसायचं याचा तक्ता तिनेच बसवला होता. पाच जाहिराती, प्रत्येकी बारा सेकंद. मग गाड्यांचं पान, बारा सेकंद. चाचणीही तिनेच घेतली होती. कार्यालयातल्या वीस जणांना फलाट शोधायला लावलं, सरासरी आली चार सेकंद. तिने अहवालावर झोकात सही केली होती.

"मोजपट्टे, जेव आता," मावशी म्हणाली. लहानपणापासून ही पोर दिसेल ते मोजायची, म्हणून हे नाव.

दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर बसने गेली. मावशीचं दैव त्या दिवशी जोरावर होतं. जिना उतरताच गाड्यांचं पान लागलं आणि ती तीन नंबरकडे चालू पडली. भाची मात्र जिन्याच्या पायथ्याशी घड्याळ घेऊन उभी राहिली. मान वर करणारी पन्नास माणसं तिने मोजली. आठ जणांना फलाट लगेच दिसला. बाकीचे बेचाळीस जण माना वर करून केस धुणाऱ्या बाईकडे बघत राहिले. एक गृहस्थ तर बिस्किटाचं वाक्य जाहिरातीच्याही आधी म्हणाले.

सहातला एक. चूक कुठे झाली ते तिला आता लख्ख दिसत होतं. कार्यालयात बटण दाबलं की पहिलं पान गाड्यांचंच यायचं. तिने दर वेळी बटण दाबलं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू केलं.

साहेबांच्या खोलीत जाहिरात विभागाचे गृहस्थही चहा घेत बसले होते. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "साहेब, माझी चाचणी चुकली. दार उघडल्यावर घड्याळ लावलं, आणि दारात कोणी ताटकळत नाही असं लिहून मोकळी झाले."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मग आता? जाहिराती काढायच्या?"

"एक सेकंदही काढायचा नाही. सहा स्क्रीन शेजारी शेजारी आहेत आणि पानंही सहा. प्रत्येक स्क्रीन आधीच्या स्क्रीनपेक्षा बारा सेकंद मागे ठेवायची. मग कधीही मान वर करा, एकीवर गाड्या असणारच."

जाहिरातवाले गृहस्थ कळवळले. "अहो ताई, सहाही स्क्रीनवर एकदम साबण, ही शोभा दाखवून गिऱ्हाईक आणलंय मी!"

"करार वाचला मी. त्यात सेकंद आहेत. शोभा नाही."

साहेबांना ठसका लागला. चहाचा होता की हसण्याचा, ते कळलं नाही. "आठवडाभर करून बघ. पण चाचणी चुकली हे आधी लिहून दे, त्याच अहवालाखाली, तुझ्या सहीने."

तिने लिहून दिलं. या वेळी सही अंमळ लहान आली.

दुसऱ्या दिवशी आठ एक्केचाळीसला ती कार्यालयात स्टेशनचा कॅमेरा लावून बसली. मावशी जिना उतरली. मान वर केली, डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, चौथ्या स्क्रीनवर थांबली. मग पिशवी सावरून एक नंबरकडे वळली. तीन सेकंद. गाडी यायला अजून अवकाश होता, तरी गाडी सुटेपर्यंत भाची कॅमेऱ्याच्या चित्रासमोरून हलली नाही.

संध्याकाळी मावशी आली ती तक्रार घेऊनच. "अगं, तुमच्या स्क्रीन बिघडल्यात. एकीवर केस, दुसरीवर गादी, कशाचा कशाला मेळ नाही. साहेबांना सांग."

"सांगते. आणि लेटमार्क?"

"तो कसला? गाडीत खिडकी मिळाली आज." मावशी डबा विसळायला मोरीकडे वळली आणि मध्येच थांबली. "नाहीतर मोजपट्टे, असं कर. महिनाभर थांब. मी पक्की झाले, की मग सांग त्यांना दुरुस्त करायला."