सरोवराकडे पाठ

सरोवराकाठच्या आमच्या ओह्रिडमध्ये खोल्या भाड्यानं देणारा माणूस खरं तर खिडकी विकत असतो. पलंग करकरला तरी पाहुणे चालवून घेतात, नळाला गरम पाणी उशिरा आलं तरी हसतात, पण खिडकी उघडल्यावर सरोवर दिसलं नाही तर सामान उचलून दुसरं घर शोधतात. म्हणून त्या सप्टेंबरात ते म्हातारं स्विस जोडपं दारात उभं राहिलं आणि त्यातली बाई म्हणाली, "आम्हाला दोन खोल्या हव्यात. एक पाण्याकडची, आणि एक अशी की जिथून पाणी अजिबात दिसणार नाही," तेव्हा मला वाटलं, माझं जर्मन गंजलंय.

तरुणपणी मी ऑस्ट्रियात एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम केलंय. तिथलं जर्मन अजून पुरतं मला. तरी मी पुन्हा विचारलं.

"अजिबात नको," तिच्या नवऱ्यानं उत्तर दिलं. उंच, ताठ माणूस. डोक्यावर कापडी टोपी. आणि आमच्या ओसरीवर उभा असूनही तोंड भिंतीकडे.

मागची खोली आम्ही कधी कुणाला देत नाही. तिच्या खिडकीतून शेजारच्या डॉन्काचं अंगण दिसतं. तिथं तिची चूल, वाळत घातलेले कपडे आणि एक म्हातारं, चिडकं मांजर. पाहुण्यानं खिडकी उघडली, सगळं नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "सुंदर."

संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीला चघळायला विषय मिळाला होता.

"भांडलेत," डॉन्कानं निकाल दिला. "या वयात दोन खोल्या म्हणजे दुसरं काय असणार?"

"भांडलेली माणसं एकमेकांच्या बुटांची नाडी बांधतात होय?" मी म्हटलं. कारण सकाळीच मी पाहिलं होतं, तो खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधत होता. तिचा हात त्याच्या टोपीवर होता.

"मग बुडाला असेल कुणीतरी त्यांचा. पाणी बघवत नसेल त्याला."

"आणि तिला बघवतं?"

खरं तर मलाही राहवत नव्हतं. एवढा प्रवास करून ओह्रिडला यायचं आणि सरोवराकडे पाठ करायची! माझा नवरा क्लिमे मात्र म्हणाला, "अगं, असतात माणसं. तू नाश्ता दे आणि सोड." क्लिमेची लाकडी होडी आहे, मोटर लावलेली. पाहुण्यांना तो सरोवरावर फिरवून आणतो. जन्मभर माणसं इकडून तिकडे नेल्यामुळे त्याला कुणाबद्दलच काही वाटेनासं झालंय.

बाईंचं नाव वेरेना. रोज सकाळी अंगावर जाड स्वेटर चढवून त्या क्लिमेच्या होडीत बसायच्या. परत आल्या की मी कॉफी ठेवायची आणि त्या प्रश्न विचारायच्या. एवढं पाणी येतं कुठून? हिवाळ्यात गोठतं का? समोरच्या अल्बानियातल्या गावात लग्न असलं की इथं ढोल ऐकू येतो का? मला एकाचंही धड उत्तर येत नव्हतं. मी म्हणायची, "क्लिमेला विचारा," आणि त्या म्हणायच्या, "त्यांनी सांगितलंच मला. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं."

त्यांचे यजमान, आलोइस, नाश्त्याला खुर्ची उलटी फिरवून बसायचे. नंतर गल्लीबोळांतून भटकायचे. चांभाराच्या दुकानात उभे राहायचे, बाजारात चीज चाखायचे. तिसऱ्या दिवशी डॉन्कानं चूल पेटवली. आमच्याकडे सप्टेंबरात घरोघरी आयवार करतात. लांबट लाल मिरच्यांचे ढीग भाजायचे, सोलायचे, दळायचे आणि मोठ्या पातेल्यात तेलावर तासन्‌तास घोटत बसायचं. सगळी गल्ली त्या वासानं भरून जाते. थोड्या वेळानं मी मागच्या खिडकीतून पाहते तर आलोइस डॉन्काच्या अंगणात ठोकळ्यावर बसून मिरच्या सोलतायत! डॉन्काला जर्मनचा गंध नाही, त्यांना आमची भाषा येत नाही. तरी दोघांचं बोलणं अखंड चाललं होतं.

"पावलिना!" डॉन्कानं मला हाक मारली. "ये लवकर. याला सांग, मिरचीचं देठ असं ओढ म्हणजे बिया एकदम सुटतात. मी मघापासून दाखवतेय, हा माझ्या नखांकडेच बघतोय."

मी कॉफी घेऊन गेले, सांगितलं, आणि बसलेच. इतक्या जवळ आल्यावर मला तोंड आवरेना.

"एक विचारू? राग नाही ना येणार?"

"दोन खोल्यांबद्दल ना?" ते हसले. "लवकर विचारलंत. इटलीतल्या घरमालकिणीनं शेवटच्या दिवसापर्यंत दम धरला होता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं गावही सरोवराकाठचं. तिथल्या प्रवासी बोटीवर ते आधी खलाशी होते, पुढे कप्तान झाले. उभं आयुष्य त्याच पाण्यावर गेलं. वेरेनांचं काठावर बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं. त्यांनी दुकानाच्या काचेतून पाणी पाहिलं, होडीत बसायला कधी सवड झाली नाही. आता दोघंही मोकळी झाली होती, आणि वेरेनांना युरोपातली जमतील तेवढी सरोवरं बघायची होती.

"मी नाही कसं म्हणणार? तिनं एवढी वर्षं वाट पाहिली. पण पावलिनाबाई, मला पाणी नुसतं बघताच येत नाही. पाणी दिसलं की माझी ड्यूटी सुरू होते. वारा कुठून येतोय, ती होडी एवढी तिरकी का, ती पोरं इतक्या लांब का पोहतायत. जेवण जात नाही, झोप येत नाही. इटलीतल्या कोमो सरोवरावर तर मी एका अनोळखी माणसावर ओरडलो, त्यानं दोर चुकीचा बांधला म्हणून. शेवटी तिनंच सांगितलं, तू मागच्या खोलीत राहा."

मी डॉन्काला सगळं समजावून सांगितलं. कुणी बुडालं नव्हतं हे ऐकून ती जराशी हिरमुसलीच. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच. लोकांच्या लग्नात मी जेवते कुठे? त्यांच्या भाजीत मीठ कमी आहे का तेच बघते."

दुपारी पातेलं चुलीवर चढलं. आलोइस मोठ्या लाकडी डावानं घोटत होते. क्लिमे आणि वेरेना सकाळीच दक्षिणेच्या टोकाला, संत नाउमच्या मठाकडे गेले होते. आम्ही दोघी बरण्या पुसत होतो. अचानक आलोइसांचा हात थांबला. चुलीचा धूर मघापर्यंत माझ्या घराकडे जात होता, तो आता डॉन्काच्या तोंडावर येत होता.

"हा वारा कुठला?" त्यांनी विचारलं.

"दक्षिणेचा. येतो कधीकधी."

"तुमच्या यजमानांना फोन लावा."

मी लावला. तो माझ्याच स्वयंपाकघराच्या फळीवर वाजला.

वेरेना तर फोन बाळगतच नव्हत्या. आलोइसांनी डाव डॉन्काच्या हातात दिला आणि चालू लागले. त्या वयाच्या माणसाच्या मानानं खूप भरभर. मी चपला सरकवून मागं पळाले. धक्क्यावर पोचले तेव्हा ते टोकाला उभे होते, टोपी काढून, तोंड सरोवराकडे. पाणी काळपट निळं झालं होतं, लाटांवर पांढरे तुरे दिसत होते. मला तर तो माणूस वेगळाच वाटला. खांदे सरळ, नजर बारीक. पुढच्या वळणाची तयारी असल्यासारखा.

"होडी खोल आहे की उथळ?"

"मध्यम," मी अंदाजानं म्हटलं.

"येताना ते काठाकाठानं येतात की मधून?"

मला माहीत नव्हतं.

"वाटेत आसरा घ्यायला कुठं कुठं जागा आहे?"

तेही मला माहीत नव्हतं. माझं लग्न होऊन माझी मुलं मोठी झाली, परदेशी गेली, आणि माझा नवरा रोज जिथं जातो तिथला एक खडक मला नावानं ओळखता येत नव्हता. जाळी आवरत बसलेल्या बोग्दान म्हाताऱ्यानं माझ्या वतीनं उत्तरं दिली. कड्यांच्या खाली ट्रपेयत्सा गाव आहे, तिथं किनारा आत वळून वाकण झालंय, शहाणा माणूस तिथं शिरून बसेल.

मी ते आलोइसांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे यजमान शहाणे आहेत?"

एवढ्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. "पाण्यावर आहेत," मी म्हटलं. "जमिनीवरचं मी सांगू शकत नाही."

ते हसले नाहीत. मीही नाही. डॉन्का धापा टाकत येऊन आमच्याजवळ उभी राहिली. एखादी लाट धक्क्यावर आपटून आमचे पाय भिजवून जायची, पण मागं सरकायचं कुणाला सुचलं नाही. क्लिमे बुडेल असं मला वाटत नव्हतं. पण तो कुठं आहे हे मला ठाऊक नाही, या गोष्टीचंच मला सारखं वाईट वाटत होतं.

आणि मग पाठीमागून, शहराच्या बाजूनं, क्लिमेचा आवाज आला. "तुम्ही सगळे इथं काय करताय?"

तो आणि वेरेना रस्त्यानं चालत येत होते. क्लिमेच्या हातात प्लास्टिकची पिशवी, वेरेनांचे केस पार विस्कटलेले, गाल लाल. वारा फिरताच क्लिमेनं होडी ट्रपेयत्साच्या वाकणात घातली होती, ती वाळूवर ओढून ठेवली होती, तिथं दोघांनी तळलेले मासे खाल्ले होते, आणि बसनं परत आले होते.

वेरेनांचं लक्ष धक्क्याच्या टोकाकडे गेलं आणि त्या थबकल्या. आलोइसांना वाऱ्यात काही ऐकू गेलं नव्हतं. ते अजून पाण्याकडेच बघत होते.

"केव्हापासून उभे आहेत?" वेरेनांनी मला हळूच विचारलं.

"वारा सुटल्यापासून."

"मी अशी उभी राहायचे," त्या म्हणाल्या. "दुकान बंद करून."

मग त्यांनी हाक मारली. आलोइस वळले, आले, आधी बायकोचे दोन्ही दंड धरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग क्लिमेवर जर्मनमध्ये असे बरसले की बोग्दान म्हातारा जाळी टाकून ऐकत राहिला.

"काय म्हणतोय?" क्लिमेनं मला विचारलं.

"म्हणतायत, आसऱ्याला गेलास ते बरोबर केलंस."

"एवढंच? इतका वेळ?"

"फोन घरी विसरलास त्याचंही आहे थोडं. ते मी तुला घरी गेल्यावर सांगते."

वेरेना नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "तू मला कधी फोन केला होतास रे? बोटीवरून?"

आलोइस काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात डॉन्का केवढ्यांदा तरी किंचाळली. "माझं पातेलं!"

आयवार तळाला लागला होता. वरचा निम्मा वाचला. त्याला जरा करपट वास येत होता, पण आलोइसांनी तोच पावावर थापून तीनदा मागून घेतला. डॉन्कानं त्यांना लगेच माफ केलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. क्लिमे बसनं जाऊन होडी घेऊन आला. वेरेनांनी नवऱ्याला सांगितलं, "उद्या आपण निघणार. आज तू प्रवासी म्हणून चल. हुकूम द्यायचा नाही, दोराला हात लावायचा नाही." ते बराच वेळ कुरकुरले, पण तयार झाले. मी म्हटलं, "मीही येते." क्लिमेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू घरातलं कपाट बोललं.

निघताना आलोइस सारखे मागं वळून मोटर बघत होते. क्लिमे कड्यांपासून अंतर राखून कसा वळतो, पलीकडून मोठी बोट आल्यावर होडीचं तोंड लाटेला कसं देतो, सगळं त्यांनी तपासलं. मग हळूहळू त्यांचं मागं बघणं कमी झालं. कड्यांची सावली होडीवर पडली तेव्हा मी पाहिलं, त्यांनी टोपी तोंडावर ओढली होती आणि डोकं वेरेनांच्या खांद्याला टेकलं होतं. गाढ झोपले होते. वेरेनांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद असा होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मी क्लिमेजवळ सरकले. "काल तू कुठं शिरलास ते दाखव."

त्यानं हनुवटीनं दाखवलं.

"आणि त्या कपारीचं नाव काय?"

"कुठली कपार? ती? तिला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

त्यानं मोटरचा आवाज कमी केला. आधी एक नाव सांगितलं, मग म्हणाला, नाही, ते पलीकडच्या खडकाचं, आणि मग त्याच्या बापानं त्या कपारीत एक आख्खी रात्र कशी काढली होती ते सांगू लागला. ही गोष्ट मी आधी कधीच ऐकली नव्हती.