एक हात जहाजाचा

लामर्ट कॉफी ढवळत होता. साखर कधीच विरघळली होती, तरी चमचा कपाच्या कडेला किणकिणत राहिला, आणि टेबलावर दोघांच्या मधोमध पडलेल्या, पोहण्याच्या परीक्षेचं बोलावणं आणणाऱ्या पोस्टकार्डाकडे दोघांपैकी कुणीच पाहत नव्हतं. जहाजाच्या केबिनच्या गोल खिडकीतून हॉलंडातल्या झ्वार्टस्लाउस गावच्या धक्क्याची ओली वीट दिसत होती. एरवी या वेळी रूल्फीन पावाला लोणी लावत असे. आज लोण्याच्या डबीचं झाकणही उघडलं नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. शांतता त्या तरंगत्या घराला नवी नव्हती. इंजिनाच्या धडधडीवर चाळीस वर्षं संसार केलेली माणसं बोलतात कमीच. पण त्या शांततेला कामाचा वास असे. हिला नव्हता.

“शनिवारी,” शेवटी तो म्हणाला.

“शनिवारी. साडेदहाला.”

“शनिवारी आपण आठला निघतोय.”

“तू निघतोयस. मी पोहतेय.”

चमचा थांबला.

शनिवारचं प्रकरण साधं नव्हतं. कालव्याचं फाटक, जिथे पाणी चढवून-उतरवून जहाजं पुढे सोडतात, ते शनिवारी बाराला बंद होई ते सोमवारी उघडे, आणि रविवारी ही दोघं तशीही जहाज हलवत नसत. देवाच्या दिवशी इंजिन बंद, हे त्यांच्यात आजोबांपासून चालत आलेलं. खडीचा माल सोमवारी पहाटे फाटकापलीकडे भरायचा होता. माल पाळीनं मिळे. पाळी चुकली की नाव यादीच्या तळाशी, मग पुन्हा महिनाभर धक्क्याला बांधून बसणं आलं. इंजिन दुरुस्तीत आधीच दहा आठवडे गेले होते. आणि कायदा असा, की एवढं जहाज एकट्या माणसानं हाकायचं नाही. ते दुसरं माणूस रूल्फीन होती. चाळीस वर्षं तीच होती.

“एकसष्ट वर्षांची बाई,” लामर्ट म्हणाला, “पोराटोरांच्या रांगेत उभी राहणार. शोभतं का?”

“नाही शोभत. तरी उभी राहणार.”

तो उठला, टोपी घातली आणि काही बिघडलेलं नसतानाही इंजिन पाहायला खाली गेला.

दोघंही जहाजावर जन्मलेली. त्यांच्या लोकांत पोहणं शिकवत नसत. लहान पोराच्या कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक डेकवरच्या कडीला. दोराची लांबी बाप स्वतः मोजे: पोराचा हात कठड्याला पोचला पाहिजे, पाय पोचता कामा नये. रूल्फीन तशी वाढली, तिची आई तशी वाढली, तिच्या तीन मुलीही तशाच वाढल्या. पुढे खलाशांच्या मुलांच्या वसतिगृहात तिला घातलं, तेव्हा तिच्या बापानं मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली की हिला पाण्यात उतरवू नये. ज्याला पोहता येतं तो जहाज सोडतो, असं तो म्हणे. ज्याला येत नाही तो धरून ठेवतो. एक हात जहाजाचा, एक हात आपला. डेकवर कुठेही जा, एक हात कशाला तरी धरलेला हवा. हे वाक्य रूल्फीनला प्रार्थनेच्या आधी पाठ झालं होतं.

आणि मागच्या ऑक्टोबरात, एका फाटकापाशी, दोर खुंट्यावर टाकायला तिनं दोन्ही हात वापरले. बस, एवढंच. पाय निसटला, आणि जहाजाची बाजू व दगडी भिंत यांच्यामधल्या हातभर काळ्या फटीत ती गेली. वर आकाशाची एक पट्टी दिसत होती, भाकरीच्या तव्याच्या काठाएवढी अरुंद, आणि तीही बंद होत चालली होती. फाटकवाल्यानं लांब दांड्याची आकडी तिच्या कामाच्या डगल्याच्या गळ्यात अडकवून तिला वर ओढलं. लामर्ट साठ मीटर मागे, सुकाणूपाशी होता. तो धावत आला तोवर ती घोंगडीत गुंडाळलेली, दात वाजत होते. त्यानं तिच्या चेहऱ्यावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं. हेही तिला आठवत होतं, नाकारायचं नव्हतं. पण त्यानंतर जे तो बोलला ते तिच्या छातीत थंडीपेक्षा खोल गेलं.

“हात का सोडलास?”

हिवाळ्यात जहाज धक्क्याला लागलं आणि दुसऱ्याच मंगळवारी रूल्फीननं मोठ्या बायकांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग आठ जणींचा. शिकवणारी आन्के, तिशीची, गळ्यात शिट्टी, बोलणं तुटक. सगळ्या तिला ‘बाई’ म्हणत. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेल्या बायकांना ते म्हणताना एक वेगळीच मौज वाटे. रूल्फीनची जोडी जमली नेझाहातशी. नेझाहात गालिच्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करून सरळ तलावावर येई, डोळे लाल, तोंडाचा पट्टा चालू.

पहिले सहा आठवडे रूल्फीनचं काही होईना. भीती नव्हती, निदान तिला ती सापडत नव्हती. ती पाण्यात उतरे, पाय मारी, उजवा हात मारी, आणि डावा हात आपोआप काठाकडे जाई. काठ दूर असला तरी हात त्या दिशेला लांब व्हायचा, बोटं हवेत काहीतरी धरू पाहायची, आणि ती एका हातावर गोल गोल फिरत राही.

“ताई, तू घड्याळ आहेस का गं?” नेझाहात ओरडायची. “बघा, बाई, साडेनऊ वाजवले हिनं!”

“तू आधी नाकातलं पाणी काढ, मग वेळ सांग.”

“माझ्या नाकात निदान पाणी जातं. तुझं सगळं अंग कोरडं राहायला बघतंय.”

आन्के काठावर गुडघे टेकून बसे. “दोन्ही हात, रूल्फीन. दोन्ही. काय धरताय तुम्ही?”

“काही नाही.”

“मग सोडा की ते.”

सोडा. एवढा एक शब्द, आणि त्याच्या पलीकडे एकसष्ट वर्षं. पोहण्याच्या पोशाखात तिला आपले दंड परके वाटत, मांड्या परक्या. कामाच्या कपड्यांबाहेर ती कोण होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. उघड्या अंगाला पाणी सगळीकडून एकदम भेटे, आणि त्या भेटीत ती अनोळखी ठरे.

मग कपड्यांनिशी पोहायचा दिवस आला. कालव्यांच्या मुलखात कुणी पोहण्याचा पोशाख घालून बुडत नाही, म्हणून परीक्षेचा अर्धा भाग कपड्यांनिशी, बुटांसकट पोहावा लागतो. आन्केनं सांगितलं होतं: पातळ विजार, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कापडी बूट. रूल्फीन आली ती निळा कामाचा डगला, आत लोकरीचा स्वेटर आणि पायात डेकवरचे जाड तळाचे बूट घालून.

“हे घालून बुडाल तुम्ही.”

“पडले तर हेच घालून पडेन, बाई. उन्हाळी विजार घालून फाटकाशी दोर कोण टाकतं?”

“नियम आहे.”

“मग लिहा, की म्हातारीनं ऐकलं नाही.”

आन्केनं तिच्याकडे पाहिलं, लांब दांडा हातात घेतला, काठाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “उडी.”

लोकर जड झाली, डगल्यात हवेचा फुगा धरला गेला आणि फुटला. पाणी थेट आलंच नाही. कापडामागून, ओळख काढत आलं. हा भार तिला ठाऊक होता. पावसात, गारपिटीत, बर्फाळ दोर ओढताना हाच भार खांद्यावर असे. ती कामावर होती. आणि कामावर असलेल्या रूल्फीनचे दोन्ही हात पुढे गेले, बाहेर वळले, परत आले. पुन्हा गेले. पलीकडच्या काठाशी लागेपर्यंत तिला कळलंही नाही की मधे काहीच धरलं नव्हतं.

नेझाहात पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. “घड्याळ बिघडलं! बिघडलं एकदाचं!”

त्यानंतर उघड्या अंगानंही ती पोहू लागली, पण ते दर वेळी नव्यानं कमवावं लागे. कधी पन्नास मीटर पार होत, कधी निम्म्यात डावा हात पुन्हा भरकटे. कपड्यांतलं पोहणं तिच्या खिशात होतं. दुसरं नव्हतं.

शनिवारी साडेसातला इंजिन सुरू झालं. रूल्फीननं पिशवी भरली: डगला, स्वेटर, बूट, टॉवेल. नऊ वाजता ती डेकवर आली. लामर्ट सुकाणूच्या खोलीच्या दारात उभा होता.

“मी धक्क्यावरची फळी काढतोय,” तो म्हणाला.

“काढ. मग पुढचे मागचे दोर एकटाच सोडशील ना? सोड. मला बघायचंय.”

“पाळी जाईल आपली.”

“आपली नाही. जहाजाची. माझी आज साडेदहाला आहे.”

ती फळीवरून उतरली आणि सायकल घेतली. मागे इंजिन चालूच राहिलं, जागच्या जागी, रागावलेल्या बैलासारखं.

तलावावर सहा-सात वर्षांची बारा पोरं रांगेत होती, आणि शेवटी ती व नेझाहात. बाकांवर आजी-आजोबा, हातात फुलं, फरशी मळू नये म्हणून बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पुढच्या मुलीनं मान वळवून रूल्फीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमचे बूट खूप मोठे आहेत.”

“हो गं. पायही मोठे आहेत.”

“बुडणार तुम्ही.”

“बघू या.”

पाण्याखाली ताडपत्रीचा पडदा ताणला होता, त्यात एक भोक. उडी मारायची, खाली जायचं, त्यातून पलीकडे निघायचं. शिट्टी झाली. आत हिरवट उजेड होता, कानात आपल्याच रक्ताचा आवाज. डगल्याची कड भोकाच्या काठाला घासली, एक क्षण अडकली. रूल्फीननं ओढली नाही, झटकली नाही. अंग तिरकं केलं आणि सरकली, जसं अरुंद फाटकातून जहाज काढतात. वर आली तेव्हा नेझाहात बाकांवरच्या लोकांना सांगत होती, “ती माझी ताई आहे हं, जहाजावरची.” काठाशी येऊन, स्वतःच्या हातांवर जोर देऊन, पाण्यानं दुप्पट झालेलं अंग रूल्फीननं वर काढलं. आन्केनं वहीत खूण केली.

“पहिला भाग झाला. कपडे बदला. दहा मिनिटांत उरलेलं. पन्नास पोटावर, पन्नास पाठीवर.”

पोहण्याच्या पोशाखात, खांद्यावर टॉवेल ओढून ती बाहेर आली, तेव्हा लामर्ट समोर उभा होता. टोपी हातात, जाड बुटांवर निळ्या पिशव्या, त्यातली एक फाटलेली. घड्याळात पावणेअकरा. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, केवळ चेहऱ्याकडेच. उजेडात तिला असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“काचेतून बघितलं मी,” तो म्हणाला. “भोकातून गेलीस.”

“गेले.”

“डगल्यासकट.”

“डगल्यासकट.”

“येतं की मग तुला.” त्याचा आवाज खाली आला. “माझं चुकलं. येतं तुला. आता फाटकापाशी पडलीस तरी... म्हणजे पडू नकोसच. पण येतं. झालं ना? अकराला निघालो तर बाराच्या आत पोचू. इंजिन चालू ठेवून आलोय. शेजारच्या कोर्नेलिसला बसवलंय तिथे.”

“अर्धी परीक्षा राहिलीय, लामर्ट.”

“अगं, कशाला? कागदाचं काय लोणचं घालायचंय? जहाजावर कोण उघड्या अंगानं पडतं? लागणारं होतं ते तुला येतं.”

तिनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर पोरांचे आवाज आपटून परत येत होते. तो म्हणत होता ते खरं होतं. जहाजाला लागणारं सगळं आता तिच्याकडे होतं. उरलेल्या शंभर मीटरांचा जहाजाला काडीचा उपयोग नव्हता. निम्म्यात हात भरकटला असता, तर बारा पोरांदेखत, त्याच्यादेखत तिला काठ धरावा लागला असता, आणि पाळीही गेलीच असती.

“ते जे येतं ते तुझ्या कामाचं आहे,” ती म्हणाली. “हे मला पाहिजे.”

“पाहिजे म्हणजे काय?”

“पाहिजे म्हणजे पाहिजे. तुला कधी काही नुसतं पाहिजे नव्हतं का?”

लामर्टनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पलीकडे पोरं काठावर उभी राहू लागली होती. नेझाहात तिच्यासाठी जागा धरून, दोन्ही कोपरं बाहेर काढून उभी होती.

“ताई! येतेस, की तुझं पण मीच पोहू?”

“रूल्फीन,” तो म्हणाला. “महिनाभर धक्क्याला बसावं लागेल. मी सांगत नाहीये, विचारतोय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारतोय, बघ. येतेस का?”

आन्केनं शिट्टी ओठांशी नेली.

रूल्फीननं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, त्याच्या हातातल्या टोपीवर ठेवला आणि उघड्या खांद्यांनी, ओल्या फरशीवर पाय जपून टाकत काठाकडे चालू लागली.