नाव सांगा, काम सांगा

नवलच्या फोनची कटकट खरी होती, हे आधी मान्य करायला हवं. जळगावात पाइपच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटरचं सगळं बघायचा, आणि साहेबांसमोर मीटिंगला बसला की फोन वाजायचाच. कुणी कर्ज घ्या म्हणे, कुणी प्लॉट घ्या म्हणे, कुणी त्याच्याकडे नसलेल्या गाडीचा विमा संपला म्हणून हळहळे. एक नंबर बंद केला की दुसरा उगवायचा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत लोक फराळ करत होते, तेव्हा हा पठ्ठ्या लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि स्वतःच्या फोनसाठी एक राखणदार बनवून मोकळा झाला.

राखणदाराचं काम सोपं होतं. फोन आला की तोच उचलणार, समोरच्याला पूर्ण नाव विचारणार, काम विचारणार. काम असलं तर नवलचा फोन वाजवणार. नसलं तर 'निरोप पोचवतो' म्हणून ठेवून देणार आणि स्क्रीनवर एक ओळ टाकणार. विकतचा आवाज मराठी असं बोलायचा की बोलणाऱ्याची दाढ दुखतेय असं वाटावं, म्हणून नवलने स्वतःचाच आवाज भरला. खाकरून, पाणी पिऊन, पंखा बंद करून. "नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा." बायकोला, दिपमालाला, तो पुन्हा पुन्हा ऐकवला. ती हसून म्हणाली, "तहसीलदार बोलतायत असं वाटतंय."

काही नंबर मात्र काही न विचारता थेट वाजणार होते. त्यात साहेब आले, मुलीची शाळा आली, दिपमाला आली.

"आईंचा टाकला ना?" दिपमालाने विचारलं.

नवलची आई वच्छलाबाई सोनगीरला एकटी राहते. जळगावच्या फ्लॅटमध्ये तिला करमत नाही. रोज दुपारी, नेमका मीटिंगच्या वेळेला तिचा फोन यायचा, अहिराणीत. जेवना का? आज ढग येल शेत. शेजारच्या ताईबाईची म्हैस व्याली. बस, एवढंच. नवल "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचा, ती "बरं बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काम असलं की वाजेलच ना," नवल म्हणाला. "दोन प्रश्न तर विचारणार आहे तिला." हे बोलताना त्याने बायकोकडे बघितलं नाही. कुठेतरी टोचलं होतंच. पण हातात नवं खेळणं होतं, त्यामुळे टोचलेलं फार वेळ राहिलं नाही.

राखणदार कामाला लागला. कर्जवाले, प्लॉटवाले दारातूनच परत जाऊ लागले. ऑफिसात नवलचं कौतुक झालं. दुपारी स्क्रीनवर ओळ यायची: 'आई – काम नाही.' घरी गेल्यावर फोन करू, असं तो ठरवायचा आणि घरी गेल्यावर विसरायचा.

मग एक दिवस ओळ आली, 'आई – नळ गळतो', आणि फोन वाजला.

"ओटावरना नळ गळस रे," वच्छलाबाई म्हणाली.

"नळवाल्या सुपडूला पाठवतो."

"बरं. जेवना का?"

कामाचा फोन म्हणून नवल त्या दिवशी थोडं बोलला. म्हशीचं पारडू पण ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात शेगडी पेटेना, मग दिवा लागेना, मग दाराची कडी बसेना. प्रत्येक वेळी फोन वाजला, प्रत्येक वेळी थोडं बोलणं झालं. नवल दिपमालाला म्हणाला, "बघ, आई पण कामाचं बोलायला शिकली." त्याला याचा अभिमान वाटला, हे लिहिताना माझाच जीव कसनुसा होतो.

सुपडू हा सोनगीरचा, नळाची कामं करतो आणि विजेचीही. एके दिवशी त्याचाच फोन आला. नाव सांगून, काम सांगून, रीतसर.

"नवलभाऊ, रागे भरू नका. पन नळले काई नही जायेल. शेगडी बी चांगली शे. आक्का माले चहा पाजतस, तुमनं इचारतस, मी परत येस. मजुरी तरी कसानी लेऊ?"

नवल भडकला. स्वतःवर भडकायला हवं होतं, ते राहून गेलं. त्याने तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"काही बिघडलेलं नसताना त्या माणसाला कशाला हेलपाटे घालायला लावते, आई? खरंच काम असलं तरच सांगत जा ना."

मग वच्छलाबाई म्हणाली, "मनी चूक जायी, भाऊ."

त्यानंतर ओळी बंद झाल्या. नवलला हलकं वाटलं. हलकं वाटल्याची लाजही वाटली, पण ती त्याने पुढे ढकलली.

आणि मग, मीटिंग सुरू असतानाच, स्क्रीनवर उमटलं: 'आई – तोटी तुटली. खरंच तुटली. सुपडूला पाठवून बघ.' नवलने फोन घेतला नाही. सुपडूला निरोप धाडला. संध्याकाळी सुपडूचा आवाज वेगळाच होता.

"भाऊ, खरंज तुटनी. आपोआप नही तुटनी पन. वरवंटा तठेच पडेल व्हता. ओटाभर पानी. आक्का म्हन्यात, आते सांग त्याले, काम शे."

नवल कारखान्याच्या जिन्यात खाली बसला. राखणदार प्रत्येकाचा आवाजही जपून ठेवायचा, पण नवलने तो कधी ऐकला नव्हता. वाचून भागत होतं. त्याने आईचा पहिला फोन काढला आणि कानाला लावला.

"नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा," त्याचाच खाकरून स्वच्छ केलेला आवाज म्हणाला.

"नवल? मी शे रे."

"आपलं पूर्ण नाव सांगा."

"व्हई, व्हई. मानसे बठेल व्हतीन तुनाजोडे." लेकाजवळ माणसं बसली असतील, म्हणून ती हळू आवाजात, चोरट्यासारखं बोलली. मग थांबली. वच्छलाबाईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत कुणी विचारलं की ती नवलला कोपराने ढोसायची आणि लहानगा नवल मोठ्याने सांगायचा. ते गेल्यावरही तिने घेतलं नाही. फोनवर नुसता श्वास येत राहिला. मग ती म्हणाली, "वच्छलाबाई... वना पाटील."

"काय काम आहे?"

"काम... काम काई नही, भाऊ."

"धन्यवाद. निरोप पोचवतो."

नवलने पुढचे फोन ऐकले. प्रत्येकात तोच प्रश्न होता, तेच नाव होतं. फक्त नावाआधीचा श्वास लहान होत गेला होता. बापाचं नाव घ्यायची तिला सवय झाली होती, आणि ती त्याने लावली होती. त्याला स्वतःच्या आवाजाची किळस आली. जिन्यातच त्याने आईचा नंबर थेट वाजणाऱ्यांत टाकला. पण एवढ्याने काय फिटणार होतं?

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो सोनगीरला गेला. धुळ्याला गाडी बदलून उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तुटक्या नळाला चिंधी गुंडाळलेली होती. सुपडू नवी तोटी आणायला धुळ्याला गेला होता. वच्छलाबाई दारात उभी होती. त्याला बघून ती आधी घाबरली.

"काय काम काढं रे?"

"काही काम नाही. तुला भेटायला आलो."

तिला ते पटलं नाही. ती नळाकडे बघायला लागली. "दख, खरंज तुटेल शे."

"आई, फोनवर नाव विचारतो तो मी नाही. ते यंत्र आहे. आवाज फक्त माझा भरलाय."

वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तू नही?"

"नाही गं."

"मी समजनू, साहेब बठेल ऱ्हातस, म्हनीसन तू वळख देत नही." ती थोडी हसली. मग तिने विचारलं, "बठ्ठासले इचारस का ते?"

खरं सांगायला तो इथवर आला होता. तोंडातून निघालं, "हो. सगळ्यांना."

"मंग ठीक शे," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. तिने त्याला पाट दिला, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वच्छलाबाई आधणापाशी थांबली आणि कान देऊन ऐकू लागली, आता कुणी नाव विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. फोन वाजतच राहिला. नवलने काढून बघितला. साहेबांचा होता.

तो तसाच हातात धरून बसला. आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"उचल रे," वच्छलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कामना मानूस व्हई."