शेवटचं शटर

एफी टुलोखच्या पोटात दुपारपासून जे दुखत होतं, ते चहाने थांबणारं नव्हतं. जुन्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानांच्या आठवणी काढायला अर्धं गाव चर्चच्या हॉलमध्ये जमलं होतं आणि जो तो उठून मोवॅट खाटकाचंच नाव घेत होता. मोवॅटच्या दुकानातला लाकडाचा भुसा, मोवॅटची सॉसेजं, मोवॅटने लहानपणी हातावर ठेवलेला मांसाच्या पुडिंगचा तुकडा. अरे, समोरच्या फुटपाथवर माझा बाप जन्मभर मांस कापत होता की बटणं विकत होता?

मोवॅटची मुलगी नेटा पुढच्या टेबलाशी बसून, "छे छे, तेवढं काही नव्हतं हो," असं म्हणत होती. त्या विनयानेच एफीचं डोकं फिरायचं. बाई घमेंडखोर असती तर निदान पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या.

हाय स्ट्रीटवरची दुकानं आता बहुतेक बंद पडली होती. त्यांच्या उतरलेल्या शटरांवर जुन्या दुकानांची चित्रं रंगवायचं ठरलं होतं. बेकरी ठरली, चांभार ठरला, मासेमारीची जाळी विकणारा ठरला. शटर उरलं एक, खाटकाचं. मोवॅट की टुलोख, ते आज हात वर करून ठरणार होतं. बापाचं थडगं सोडलं तर गावात त्याचं नाव कुठेच उरलं नव्हतं, आणि एफीला ते शटर हवं होतं म्हणजे हवंच होतं.

ती तयारीनेच आली होती. पिशवीत आईचं निळ्या काठाचं, लांबट एनॅमलचं भांडं होतं. नव्या वर्षाच्या पहिल्या जेवणाला गावात स्टेक पाई लागतेच, आणि तेव्हा भांडं घरचं असायचं, भरणं खाटकाचं. लोक आपापलं भांडं दुकानात ठेवून यायचे, खाटीक त्यात मांस भरून वर कणकेचं झाकण घालून द्यायचा. एफीच्या घरची ती पाई! वरचं झाकण कुरकुरीत, आतला रस्सा दाट, मांस जिभेवर ठेवताच विरघळायचं. 'अशी पाई पुन्हा खाल्ली नाही,' हे वाक्य तिने आरशासमोर घोकलं होतं.

आपली पाळी यायच्या आत ती नेटाच्या टेबलाशी गेली. मोवॅटच्या दुकानातून लोकांनी परत न नेलेली भांडी नेटाने मांडून ठेवली होती. कुठे गंज दिसतो का ते बघायला एफीने एक पालथं केलं. बुडाला खिळ्याने ठोकलेले तीन ठिपके होते. दुसरं पालथं केलं. तेच तीन ठिपके.

"ही काय खूण?"

"आमची गं. दोन्ही दुकानांच्या पाई भाजायला बेकरीच्याच भट्टीत जायच्या ना? अदलाबदल नको म्हणून बाबा ठोकायचे."

एफीच्या हातातली पिशवी जड झाली. ते तीन ठिपके तिने जन्मभर घासले होते, कारखान्याची खूण समजून. तिने भांडं बाहेर काढलं. नेटाने पाहिलं, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"तुझे वडील मागच्या दाराने यायचे," नेटा हळूच म्हणाली. "म्हणायचे, वर्षभर माझ्या हातचं खातोच, वर्षाचा पहिला घास तरी चांगला असू दे."

"आणि तुमच्या घरी? आमची पाई यायची?"

नेटाने टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली. "आम्ही आमचीच खायचो गं."

एफीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं गाव एकवेळ जाऊ दे खड्ड्यात, पण बापसुद्धा?

"एफीबाई, तुमची पाळी," सूत्रं सांभाळणाऱ्या मॉराने हाक मारली.

नेटाने भांडं सुलटं करून तिच्या हातात दिलं, ठिपके खाली. "जा, बोल. माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही."

मेहेरबानी! आता हिची मेहेरबानी घ्यायची? एफी पुढे गेली आणि सगळ्यांना दिसेल असं भांडं टेबलावर पालथं आपटलं.

"ही टुलोख खाटकाच्या घरची नव्या वर्षाची पाई. मोवॅटने भरलेली. असली पाई मी पुन्हा खाल्ली नाही. मॉरा, मतं मोजशील तेव्हा माझ्या बापाचं एक धर. मोवॅटला."

मॉराने मोवॅटचं नाव घेतलं तसे भराभर हात उठले. मग तिने टुलोखचं नाव घेतलं. एफीने हात वर केला. पुढच्या टेबलाशी नेटाचाही हात अर्धवट उठला.

"खाली घे तो," एफी गुरकावली.

नेटाने घेतला. मग हॉलभर एफीचा एकटीचाच हात वर होता. मॉरा म्हणाली, "झालं मोजून." तरी एफीने तो खाली घेतला नाही.