नऊ शून्यं आणि चाळीस मिनिटं

ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. फॉर्म तपासायच्या नोकरीला लागून चारच महिने झाले होते आणि तेवढ्यात तिनं तिघांचे खोटे फॉर्म पकडले होते. पाहणी होती मोठ्या माणसांमधल्या नैराश्याची. घरटी एक माणूस आणि नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागली का, आपण कुचकामी आहोत असं वाटलं का. 'मुळीच नाही'ला शून्य, 'जवळजवळ रोज'ला तीन. बेरीज दहा किंवा वर गेली की माणूस काळजीच्या यादीत.

घरोघर फिरणाऱ्यांत मावशी सगळ्यांत जुन्या, पूर्वीच्या नर्स. पुलापलीकडच्या वसाहतीतले त्यांचे चोवीस फॉर्म आले आणि भिंगाच्या मनात पाल चुकचुकली. चोवीसच्या चोवीस फॉर्मांत नऊही शून्यं. घरी बसून फॉर्म भरणारे तीन मिनिटांत उरकतात. ज्यावर फॉर्म भरतात त्या टॅबमधलं घड्याळ चुगली करतं. इथे मात्र प्रत्येक फॉर्मला चाळीस मिनिटं लागली होती. नऊदा 'मुळीच नाही' म्हणायला चाळीस मिनिटं? तेवढ्यात माणूस केस कापून, दाढी करून घरी येतो.

"टॅब उघडा ठेवून कुठेतरी गप्पा मारत बसत असतील," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

पाहणीच्या प्रमुख असलेल्या डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "फॉर्म खोटे निघाले तर सोमवारपासून मावशींना घरी बसवावं लागेल. तेव्हा हवेत बोलू नका. दहा घरी जाऊन पुन्हा विचारून या."

भिंग गेली. दारं अर्धवटच उघडत. हो, बाई आल्या होत्या. हो, बसल्या होत्या. उदास? छे. झोप? मस्त. नऊ घरं, एक्क्याऐंशी उत्तरं, आणि सगळी मावशींच्या फॉर्मशी जुळणारी. नियमाप्रमाणे मावशी सुटल्या होत्या. पण भिंगाचा संशय वाढलाच. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न विचारला की माणसाचं एखाददुसरं उत्तर हलतंच. इतकी जुळणी आरशातसुद्धा होत नाही. या लोकांना कोणीतरी पढवलं होतं.

दहावं घर तळमजल्यावरच्या शिंप्याचं. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "मुळीच नाही. पुढे?"

"काका, अजून विचारलंच नाही मी."

"सगळ्याला तेच लिहा."

त्याचे डोळे लाल होते. कोपऱ्यात न शिवलेल्या कापडांचा ढीग होता. भिंगानं वरची चिठ्ठी वाचली. "हा सदरा दोन महिन्यांपूर्वी द्यायचा होता तुम्हाला."

मशीन थांबलं. "तुम्ही पोलीस आहात का, ताई?"

"नाही. मावशींनी तुम्हाला पढवलं का, एवढंच सांगा."

शिंपी हसला, पण ते हसू ओठांपर्यंतच. "पढवायचं कशाला? त्यांना खरं ते सांगितलं. तुम्हाला लिहायचं ते सांगतोय."

"म्हणजे?"

"शेवटी त्यांनी विचारलं, लिहू का? मी म्हटलं, नको. तुमच्या त्या टॅबच्या पाटीवर नकाशात माझं घर दिसतं. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, याचं डोकं ठिकाणावर नाही, तर? आणि इतरांचं मला विचारू नका."

मावशी ऑफिसच्या मागच्या पायरीवर पाय चोळत बसल्या होत्या. भिंगानं सगळं भडाभडा बोलून टाकलं.

"आलीस का तिथवर?" मावशींनी पिशवीतून मलमपट्ट्यांचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकणाला चीर पाडलेली. "पोरी, तुम्हाला वस्तीचा आकडा हवा ना? घराचं दार कशाला हवं? बेरीज आम्ही दोघं मिळून करतो, चिठ्ठीवर आकडा ते स्वतः लिहितात, स्वतः टाकतात. मग मी डबा हलवते. ज्यांना गरज होती त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. ते तुझ्या पाटीला सांगायचं नसतं."

"हे तुम्ही घरी बसून लिहिलं नसेल कशावरून?"

"कशावरूनही नाही. तूच बघ. भिंग आहेस ना!"

भिंगानं चोवीस चिठ्ठ्या मांडीवर ओतल्या. सात चिठ्ठ्या दहाच्या वर. लहान आकडे जास्त, मोठे कमी, अशा नमुन्यात असायला हवेत तसे. कुठे सात आडव्या रेघेचा, कुठे दोनचं शेपूट लांब. पेन्सिल, शाई, बॉलपेन. एक माणूस इतक्या हातांनी लिहू शकत नाही. तिला हायसं वाटलं. डॉक्टरबाईंना हाच डबा दाखवायचा, की मावशी सुटल्या.

मग ती चिठ्ठी दिसली. एकोणीस. निळ्या खडूनं लिहिलेली. कापडावर खुणा करायचा खडू.

वसाहतीत शिंपी एकच होता.

तेवीस चिठ्ठ्या दाखवल्या तर एक गेली कुठे, हे डॉक्टरबाई विचारणार. चोवीस दाखवल्या तर शिंप्याचा एकोणीस आकडा टेबलावर उघडा पडणार. शेवटी तिनं वहीचा कोपरा फाडला, पेनानं त्यावर १९ लिहिलं आणि खडूची चिठ्ठी चुरगाळून पर्समध्ये टाकली.

डॉक्टरबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. एकेक उचलून उजेडात धरली. "हं. वेगवेगळे हात आहेत खरे." मग त्यांचं बोट थांबलं. "पण हा नऊ तुमचा आहे. चार महिने बघतेय मी तुमचं अक्षर."

भिंगाचा हात पर्सवर गेला. "आकडा खरा आहे, बाई."

"कशावरून?"

पर्सवरचा हात तिनं काढला नाही. डॉक्टरबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि मग चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरल्या. झाकण लावून डबा चांगला जोरानं हलवला.

"एक चिठ्ठी बदललीय, तेव्हा हे आकडे पाहणीत धरता येणार नाहीत. फॉर्मही बाद. पण मावशी राहतील. सोमवारी रिकामा डबा घेऊन त्या पुढच्या वसाहतीत जातील, तुम्ही बरोबर."

"आणि मी काय तपासायचं?"

"काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या डब्यात पडेपर्यंत तुम्ही जिन्यातच थांबायचं."