साठ हजारांचं क्वारंटीन

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही," पिठाच्या पोत्यावर टेकत ओवादिया आगा म्हणाला, "पण तीन बादशहांचं साठ हजारांचं लष्कर मी एका चिमट्यानं अडवलं होतं!"

पवनचक्कीच्या दारात दळणासाठी बसलेल्या कुणीही मान वर केली नाही. रशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गोझलेवे बंदरात हा चिमटा तेवीस वर्षं गाजत होता.

"गेल्या उन्हाळ्यात चाळीसच हजार होते की, आगा," चक्कीवाला मेमेत आतून ओरडला.

"तेव्हा मागची गलबतं मोजायची राहिली होती."

दारातली माणसं हसली. ओवादियाची मुलगी अकबिके मात्र हसली नाही. ती अंगणात गहू चाळत होती आणि चाळणीवरची तिची नजर हलली नव्हती.

एरवी म्हाताऱ्याने दोन टोमणे खाऊन विषय सोडला असता. पण आज एक नवा कान समोर होता. बंदराच्या क्वारंटीन कचेरीत ओवादिया ज्या खुर्चीवर एकतीस वर्षं बसला, तिच्यावर आता पानायोत बसत असे. सत्तावीस वर्षांचा, सरळ भांग पाडणारा, नियमांची वही छातीशी धरून चालणारा ग्रीक कारकून. दोनच आठवड्यांपूर्वी झारने सुलतानाशी पुन्हा लढाई पुकारली होती. तुर्कांच्या लोखंडी आगबोटी येणार अशी आवई उठली होती आणि निम्मं गाव गाड्या जुंपून समुद्रापासून दूर, आत अकमेस्जिद शहराकडे निघालं होतं. पानायोतची बायको एलेनी सकाळपासून गाठोडी बांधून बसली होती. मांडीवर दोन महिन्यांची पोर. दुपारी सुटणाऱ्या गाडीत दोघींपुरती जागा होती, आणि पानायोत अजून 'हो' म्हणाला नव्हता.

"आगा, थट्टा पुरे," तो जवळ सरकून म्हणाला. "खरं सांगा. कागद दाखवला की लष्कर थांबतं का हो?"

"थांबतं म्हणजे? थांबावंच लागतं! ऐक तर." ओवादियाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या दिवशी समुद्रावर इतकी शिडं आली की भर दुपारी गावावर सावली पडली. कोंबड्या रात्र झाली समजून खुराड्यात जाऊन बसल्या. साहेब लोक पहाटेच पसार झाले होते. कचेरीत उरलो मी आणि नोंदवही. आता वही टाकून पळणार कसा? सहीनिशी ताब्यात घेतलेली!"

"मग?"

"मग पांढरं निशाण लावलेली होडी आली. तीन अंमलदार. एक फ्रेंच, एक इंग्रज, एक तुर्क. फ्रेंचानं पत्र पुढं केलं. मी म्हटलं, हात लावायचा नाही! चिमट्यानं धरलं, रोग मरावा म्हणून गंधकाची धुरी दिली, आंबट शिरक्यात बुडवून काढलं. शाई सगळी वाहून गेली. मग त्यालाच विचारावं लागलं, बाबा रे, लिहिलं होतंस तरी काय? तर म्हणे, गाव स्वाधीन करा."

"आणि तुम्ही?"

"मी वही उघडली. जहाजाचं नाव? लिहिलं. कुठून आलात? वार्ना. येण्याचं कारण? इथं घोडं अडलं. फ्रेंच म्हणाला, जेरुसलेमकडे एक देऊळ आहे, त्याच्या किल्लीवरून. मी म्हटलं, हरवली? नाही म्हणे, आहे. पण ती आमच्या साधूंच्या कमरेला असावी की तुमच्या, हा वाद आहे. इंग्रज म्हणाला, किल्लीबिल्ली सोड, रशियानं दक्षिणेच्या समुद्रात उतरू नये म्हणून आम्ही आलो. मी म्हटलं, आणि तुम्ही आत्ता कशात उतरलात? तुर्क बिचारा गप्प. त्याला विचारलं तर म्हणाला, देऊळ आमच्या राज्यात, समुद्र आमच्या दारात, म्हणून आम्हाला यावंच लागलं. बाकी आम्हाला विचारतो कोण? रकाना एवढा बोटभर. कसं मावायचं त्यात? मी लिहिलं, 'खासगी काम'."

चक्कीच्या दारात हशा पिकला. पानायोतही हसला.

इथवरचं बहुतेक खरं होतं. किल्लीला थोडी झिलई दिली होती, कोंबड्या वाढवल्या होत्या, एवढंच. होडीच्या तळाशी घोंगडीखाली कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन पडलं होतं, हे ओवादिया कधीच सांगत नसे. वार्नाच्या छावणीत कॉलरा होता, ते त्याला माहीत होतं. वाऱ्यावर फडफडणारी नियमांची वही दोन्ही हातांनी दाबून धरत त्याने वाचून दाखवलं होतं: रोगट बंदरातून आलेल्या प्रत्येकाने चौदा दिवस जहाजावरच राहावं. त्याचा आवाज कापत होता, पण एक शब्द गाळला नव्हता. मागे गाव होतं. गावात घर होतं.

"चौदा दिवस!" आता तो पोत्यावरून उठून उभाच राहिला. "मी म्हटलं, बादशहा असाल तुमच्या घरी. इथं चौदा म्हणजे चौदा. तेरा नाही की साडेतेरा नाही."

"आणि ऐकलं त्यांनी?"

"न ऐकून सांगतात कुणाला? सलाम ठोकला, होडी फिरवली आणि साठ हजार माणसं चौदा दिवस गलबतांवर माशा मारत बसली."

"तर! आणि लढाई संपल्यावर आम्हा तातारांवर फितुरीचा ठपका आला," मेमेत आतून म्हणाला, "नि माझे तिन्ही भाऊ घरदार विकून तुर्कस्तानात हवा खायला गेले. होय ना, आगा?"

"तुझे भाऊ माझ्या रकान्यात येत नाहीत."

पानायोतने मात्र सुटकेचा श्वास टाकला. सकाळपासून आवळलेला त्याचा चेहरा सैल झाला. "मग कशाला पळापळ!" तो उठत म्हणाला. "एलेनीला सांगतो, गाठोडी सोड. तान्ह्या पोरीला घेऊन उगाच तीन दिवसांचा प्रवास. आले तर आले. नियम मलाही पाठ आहे."

आता खरं बोलायला हवं, हे ओवादियाला कळत होतं. पण तेवीस वर्षं घोटलेलं वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं, ते घसरलंच.

"अरे, गावात एक माणूस आजारी पडला नाही. एक!"

अंगणातली चाळणी थांबली.

"बाबा, खोटं."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. अकबिके नऊ वर्षांची असल्यापासून ही गोष्ट ऐकत आली होती. लग्नात, सणात, शेजाऱ्यांच्या ओट्यावर. कधी चकार शब्द काढला नव्हता. ती धुळीने माखलेले हात झग्याला न पुसता तशीच उभी राहिली.

"चौदा दिवस थांबले ना ते?" ती म्हणाली. "मग आई अकराव्या दिवशी कशी गेली? मी पाणी पाजत होते तिला. घोटभरसुद्धा पोटात टिकत नव्हतं."

मेमेत चक्कीतून बाहेर आला आणि चौकटीत उभा राहिला. पानायोत एकदा तिच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघत राहिला.

ओवादिया ताठ झाला. खुर्चीवर असताना व्हायचा, तसा.

"मी तो नियम तीनदा वाचून दाखवला," तो पानायोतला म्हणाला. "मोठ्यानं, अक्षर न अक्षर. तिसऱ्यांदा संपेपर्यंत त्यांची पहिली पलटण मला वळसा घालून माझ्या पाठीमागे गावात शिरली होती. जा, बायकोला गाडीत बसव."