पट्टीचं पाचवं घर

"सर, जोडीत जो मागे उभा असतो, तो फुकटचं खातो का हो?"

प्रश्न ठिणगीने विचारला खरा, पण पैज मैत्रिणींची होती. तिघी दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या. संगणकाच्या खोलीतल्या सरांना शेवटच्या तासाला कोणी काही विचारलेलं खपत नसे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि अशी जांभई दिली, की ठिणगीलाही आली.

दमायला कारणही होतं. उद्या शाळाशाळांमधल्या, संगणकावरच्या युद्धाच्या खेळाचा शेवटचा सामना, आणि आज सरावात सलग सात वेळा नाक कापून घेतलेलं. ठिणगीची तिरंदाज पुढे, कासवाची चिलखतवाली मागे. कासव म्हणजे तिची जोडीदार; बोलायला-चालायला सारखीच सावकाश, म्हणून ते नाव. घरी मात्र ठिणगीने कधीच सांगून टाकलं होतं, 'फळ्यावर सगळ्यांत वर माझंच नाव!' जो जास्त शत्रू पाडेल, त्याचं नाव गुणांच्या फळ्यावर वर. ते बघायला आई-बाबा अर्धा दिवस लॉन्ड्री बंद ठेवणार होते. चार वर्षांत पहिल्यांदा.

"बस," सर म्हणाले. "सातवा डाव परत लाव. ही खालची पट्टी कधी बघितलीस?"

"शोभेची आहे ना ती?"

"शोभेची तू आहेस. पाच घरं आहेत. जोडीवर एक वार झाला की एक घर भरतं. पाचही भरली की पुढचा वार, मग तो केवढाही असू दे, मागची अख्खा अडवते. पण जोडी सोडलीस की सगळं पाण्यात. आता बघ, चौथं घर भरलं आणि तू काय केलंस?"

पडद्यावर तिची तिरंदाज जोडी सोडून टुणकन पुढे उडी मारत होती. पट्टी रिकामी.

"मला वाटलं, वेगळ्या झालो तर दोघी मारू."

"दोघी मेलात. सातही वेळा."

"पण सर, माझी पाचव्या वारापर्यंत टिकतच नाही. अंगावर चिलखत कुठंय तिच्या?"

"मग ती पुढे कशाला?"

दाराआडचं खिदळणं थांबलं. शेजारच्या संगणकापाशी बसलेली कासव माऊसची दोरी सोडवत हळूच म्हणाली, "मी सोमवारीच म्हटलं होतं."

"कधी?"

"तू बोलत होतीस तेव्हा."

आठवा डाव उलटा लावला. कासव पुढे. चार वार, पाच वार. हाताला खाज सुटली तरी ठिणगी जागची हलली नाही. सहाव्याला राक्षसाचा हातोडा आला आणि मागून तिच्या तिरंदाजने तो अलगद थोपवला. त्या घावाने कासवाला ओरखडाही नाही. डाव जिंकला! पण शत्रू पाडते ती पुढचीच, म्हणून फळ्यावर कासव नऊ, ठिणगी शून्य. जिंकूनही ते शून्य तिला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

घरी आली तेव्हा लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरींचा ढीग तसाच होता. उद्याच्या अर्ध्या दिवसाचं काम आजच उरकायचं चाललेलं. आई वाफाळत्या रोलरमागे चादर ताणून धरत होती, पुढे बाबा घडी घालत होते. गिऱ्हाइकाने आत डोकावून म्हटलं, "दादा, काय घडी घालता हो तुम्ही! सुरकुती औषधाला नाही." आणि ते गेलं. मागे आई आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिने कपाळाचा घाम खांद्याला पुसला. चादरीची टोकं काही सोडली नाहीत.

"आलीस? दमलीस गं," आई म्हणाली.

"तू पण."

"आमचं काय, रोजचंच आहे. बरं, ते नाव फळ्यावर किती वर दिसतं? बाबांना लांबचं वाचता येत नाही."

"चष्मा घेतलाय मी," बाबा म्हणाले. "पोरीचं नाव वाचायचंय म्हटल्यावर!"

ठिणगीने दप्तर खाली ठेवलं. एक मोठा श्वास घेतला.

"आई, बाबा, ऐका. उद्या माझं नाव सगळ्यांत खाली असणार. शून्यावर. पुढे कासव खेळणार, मी मागे. कोणी सांगितलं नाही, मीच ठरवलंय. तरी या. पण फळा नका बघू, खालची पट्टी बघा. तिचं पाचवं घर भरलं की पुढचा वार मी अडवणार आहे."